डिप गार असावे, मसाला भाजलेला असावा

वाढदिवस म्हटला की आपल्याकडे पूर्वी शिरा, चिवडा, फार तर बटाटेवडे असत. आता केकच्या शेजारी एक काचेचा वाडगा दिसतो. त्यात पांढरे, दाट, गार असे काहीतरी असते आणि वर लाल-हिरवी पूड भुरभुरलेली असते. भोवती वेफर आणि काकडी-गाजराचे लांब तुकडे मांडलेले असतात. मुले तुकडा बुडवतात, चावतात, पुन्हा बुडवतात. याला ‘डिप’ म्हणतात. तयार मसाल्याची पुडी आणायची, ती दही, साय, पनीर नाहीतर मेयॉनीजमध्ये कालवायची आणि वाडगा फ्रीजमध्ये ठेवायचा, की झाले काम. गॅस पेटवावा लागत नाही, भांडी पडत नाहीत. म्हणून घरोघरी ते सोयीचे वाटते.

मी या पदार्थाच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगतो. मुले एरवी कच्ची काकडी, गाजर, मुळा यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. डिप असले की तेच तुकडे आवडीने संपवतात. एवढ्या एका गुणासाठी मी डिपला घरात यायला परवानगी देईन. पण त्याच्या सोयीतच त्याचा धोका आहे. या पदार्थाला विस्तव कुठेच लागत नाही. आपल्या स्वयंपाकात विस्तव गुपचूप जे काम करतो, ते इथे कोणी करत नाही, आणि ते काम राहून गेले आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, रुग्णांना सांगतही होतो. ती मला पटली मात्र माझ्याच घरी.

घरचीच गोष्ट

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या नातीचा वाढदिवस होता. चौदा-पंधरा मुले येणार होती. सौ.ने पनीर आणि साय यांचे डिप करायचे ठरवले. पनीर हाताने मळायचे काम माझ्याकडे आले. माझ्या अंगठ्याला तीन-चार दिवसांपूर्वी कापले होते, त्यावर पट्टी होती आणि आत थोडा पू झाला होता. मी हात धुतले आणि पनीर मळले. त्यात पुडीतला मसाला कालवला. दुपारी दोन वाजता वाडगा फ्रीजमध्ये गेला. तीनला वीज गेली ती पाचला आली. त्यानंतर सजावटीच्या गडबडीत वाडगा टेबलावर मांडला गेला. मुलांनी डिप खाल्ले सात वाजता.

रात्री साडेदहाला पहिला फोन आला. ‘डॉक्टर, धाकटा सारख्या उलट्या करतोय हो. तुमच्याकडून आल्यावर त्यानं पाणीसुद्धा घेतलेलं नाही.’ बारा वाजेपर्यंत असे पाच फोन झाले. सगळ्यांना तीन-चार तासांत उलट्या, पोटात कळा, पण ताप नाही. पाच वर्षांच्या एका मुलीला सलाइन लावावे लागले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळी मुले हिंडू-फिरू लागली. त्या मुलीच्या आजीने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तेच मला जास्त लागले.

उरलेले डिप तोवर टाकून दिले होते, त्यामुळे प्रयोगशाळेत काही तपासता आले नाही. पण लक्षणे आणि वेळ पाहता डॉक्टरला फार विचार करावा लागत नाही. स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू आपल्या नाकात, कातडीवर आणि विशेषतः पिकलेल्या जखमेत असतात. ते अन्नात गेले आणि अन्न उबदार राहिले की तिथे वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पोटात गेले की अर्ध्या तासापासून आठ तासांपर्यंत केव्हाही उलट्या सुरू होतात. विष एकदा तयार झाले की अन्न उकळले तरी ते नष्ट होत नाही. म्हणजे मळणारा हात चुकला, वीज गेली आणि वाडगा बाहेर राहिला. तिन्ही चुका साध्याच होत्या. पहिली माझी.

दही आणि पनीर यांतला फरक

पुष्कळांना वाटते की दूध-दह्याचे पदार्थ सगळे सारखेच. तसे नाही. दही आंबट असते आणि त्या आंबटपणात बहुतेक रोगजंतूंची वाढ मंदावते. पनीर, साय, उकडलेला बटाटा, कुस्करलेले उकडलेले अंडे हे पदार्थ आंबट नसतात, ओलसर असतात आणि पौष्टिक असतात. जे आपल्याला पौष्टिक ते जंतूंनाही पौष्टिक. अनुकूल हवेत जंतूंची संख्या साधारण वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. पाच अंश ते साठ अंश सेल्सिअस हा टप्पा त्यांच्या वाढीचा. आपल्याकडचा उन्हाळा नेमका या टप्प्याच्या मधोमध बसतो.

म्हणून डिपचा पाया चक्क्याचा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चक्का आपल्या घरचा आहे, श्रीखंडामुळे सगळ्यांच्या हातचा आहे आणि या कामाला पनीर-सायीपेक्षा सुरक्षित आहे. मात्र आंबट म्हणजे अभय, असेही समजू नये. आंबटपणा जंतूंना आवरतो. सगळ्यांना मारत नाही.

मेयॉनीजबद्दल दोन शब्द. खरे मेयॉनीज कच्च्या अंड्याचे असते आणि कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. केरळने जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयॉनीजवर बंदी घातली. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये एकेका वर्षासाठी तशीच बंदी जाहीर केली. राज्य सरकारांना एका चटणीसारख्या पदार्थासाठी आदेश काढावे लागले, यावरून काय ते समजावे. बिनअंड्याच्या मेयॉनीजमध्ये हा धोका नाही, पण त्यात बहुतेक वेळा तेलाचेच प्रमाण मोठे असते. ते चमच्याने खाण्याची वस्तू नव्हे.

पुडीत काय झोपलेले असते?

पुडी कालवून डिप करण्याची ही रीत अमेरिकेतली. लिप्टन कंपनीने १९५२ मध्ये कांद्याच्या सूपची कोरडी पुडी बाजारात आणली. १९५४ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या कुणा अनामिक स्वयंपाक करणाऱ्याने ती पुडी सूपसाठी न वापरता आंबवलेल्या सायीत कालवली. हे ‘कॅलिफोर्निया डिप’ इतके लोकप्रिय झाले की पुढे कंपनीने त्याची कृती पुडीच्या खोक्यावरच छापली. सूपसाठी पाण्यात उकळायची पुडी अशी न उकळताच पोटात जाऊ लागली.

कोरड्या मसाल्यात जंतू नसतात, अशी आपली समजूत आहे. जंतू तिथे वाढत नाहीत हे खरे. पण मरतातही असे नाही. साल्मोनेला कोरड्या पुडीत कित्येक महिने निपचित पडून राहू शकतो. ओलावा मिळाला आणि हवा उबदार असली की तो जागा होतो. १९९३ मध्ये जर्मनीत लाल मिरचीची पूड लावलेल्या बटाट्याच्या वेफरमुळे साल्मोनेलाची मोठी साथ आली. सुमारे १००० जण आजारी पडल्याचा अंदाज होता आणि त्यांत मुलांचा भरणा अधिक होता. अमेरिकेत २००९-१० मध्ये काळी मिरी लावलेल्या मांसामुळे ४४ राज्यांत २७२ जणांना साल्मोनेलाची बाधा झाल्याची नोंद आहे. दोन्ही वेळा मसाला पदार्थ शिजल्यानंतर वरून लावलेला होता.

आता आपल्या जुन्या बायकांची रीत आठवा. कोशिंबिरीवर कच्चे जिरे कोणी घालत नसे. तेल कडकडीत तापवून त्यात मोहरी, जिरे, हिंग तडतडवून ती फोडणी वरून ओतत. ताकाला लावायचे जिरेही भाजून कुटलेले असे. हे चवीसाठी होते यात शंका नाही, पण त्यात आरोग्याचाही लाभ होता. कडकडीत फोडणीने किंवा तव्यावर नीट भाजल्याने मसाल्यातले जंतू पुष्कळ कमी होतात. मसाला पूर्ण निर्जंतुक होतो असे मी म्हणणार नाही, कारण कोरड्या पुडीत जंतू चिवट असतात. तरीसुद्धा भाजलेला मसाला आणि कच्चा मसाला यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

लसणाचीही एक गोष्ट लक्षात ठेवा. लसूण ठेचून तेलात बुडवून बाटलीत भरायचा आणि लागेल तसा डिपमध्ये घालायचा, ही पद्धत सोडावी. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि तशा जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढतात. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे, फ्रीजबाहेर ठेवलेल्या अशाच लसूण-तेलामुळे ३६ जणांना ही बाधा झाली होती. लसूण ऐनवेळी ठेचावा, त्याच दिवशी संपवावा.

मीठ मोजा

जंतूंचा त्रास एका रात्रीत कळतो, मिठाचा कळायला वर्षे लागतात. म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा, आणि तेही भाजी, आमटी, लोणचे, पापड सगळे धरून. तिच्याच २०२३ च्या अहवालानुसार जगातील माणूस सरासरी १०.८ ग्रॅम मीठ खातो. आपण लोणचे-पापडवाले त्यात मागे नाही.

पुडीवर घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिल्या दोन-तीन नावांत ‘मीठ’ असेल तर तुम्ही मसाल्याच्या भावाने मीठ विकत घेतले आहे, असे खुशाल समजा. सोडियमचा आकडा छापलेला असेल तर त्याला अडीचने गुणावे, म्हणजे मिठाचे वजन मिळते. समजा १०० ग्रॅम मसाल्यात १२००० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे. म्हणजे ३० ग्रॅम मीठ झाले. २० ग्रॅमची पुडी कालवली की वाडग्यात ६ ग्रॅम मीठ पडले. त्यात खारट वेफर बुडवायचे! घरात रक्तदाबाचा, हृदयविकाराचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर हे गणित त्याच्या जिवाशी आहे. चाट मसाला आणि सैंधव यांनाही हाच हिशेब लागू आहे. सैंधव म्हणजे मीठच.

लोक अजिनोमोटोला घाबरतात आणि मिठाला घाबरत नाहीत, याचे मला नवल वाटते. वजनाला वजन धरले तर अजिनोमोटोत मिठाच्या सुमारे एक तृतीयांश सोडियम असते. म्हणून ते मुद्दाम घाला असे मी म्हणत नाही. पण भीती योग्य ठिकाणी ठेवावी.

घरचा मसाला, घरचे डिप

टीका करून मोकळे होणे सोपे असते. म्हणून आमच्या घरी आता जसे करतात ते सांगतो.

एक किलो दही स्वच्छ, उकळून वाळवलेल्या फडक्यात बांधावे. उन्हाळ्यात ते खुंटीला टांगू नये. चाळणीत ठेवावे, चाळणी पातेल्यावर ठेवावी आणि सगळे फ्रीजमध्ये ठेवावे. पाच-सहा तासांत दह्याच्या निम्म्याहून थोडा कमी चक्का मिळतो. खाली उतरलेले पाणी कणीक भिजवायला घ्यावे.

मसाल्यासाठी दोन चमचे जिरे, एक चमचा धणे, दोन चमचे तीळ आणि सात-आठ मिरे निरनिराळे भाजावेत. खमंग वास सुटून रंग पालटला पाहिजे. गार झाल्यावर कोरड्या खलबत्त्यात जाडसर कुटावे आणि कोरड्या बरणीत भरावे. ओला चमचा बरणीत घालू नये. पुदिना वाळवून घालायचा असेल तर तोही तव्यावर गरम करून चुरावा. मिरचीची पूड मात्र कोरडी भाजू नये, करपते. चमचाभर तेल तापवून, गॅस बंद करून त्यात ती घालावी आणि ती फोडणी गार करून चक्क्यात मिसळावी.

वरच्या चक्क्याला या मसाल्याचे दोन चमचे, लसणाच्या दोन ताज्या पाकळ्या, थोडे लिंबू आणि अर्धा सपाट चमचा मीठ पुरते. दहा जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव ग्रॅमच्या आसपास मीठ येते. पुडीशी ताडून पाहा. कालवल्याबरोबर चव घेऊन ‘अळणी लागते’ म्हणून मीठ वाढवू नये. कोरडा मसाला भिजून त्याचा स्वाद उतरायला तासभर लागतो. तासाने पुन्हा चाखावे. बहुतेक वेळा मीठ लागत नाही. लागलेच तर लिंबू पिळून पाहावे. कोथिंबीर निवडून, वाहत्या पाण्यात दोनदा धुवून, निथळून शेवटी घालावी. काकडी-गाजरही सोलण्यापूर्वी धुवावे.

आणखी एक गोष्ट. ज्याच्या हाताला जखम, गळू किंवा नखुर्डे आहे त्याने, किंवा ज्याला जुलाब होत आहेत त्याने, त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊ नये. मग तो डॉक्टर का असेना.

उष्ट्याचा विचार

एका वाडग्यात पंधरा जणांनी चावलेले तुकडे पुन्हा पुन्हा बुडवायचे, हे आपल्या आजीने पाहिले असते तर तिने वाडगाच उचलून नेला असता. उष्टे-खरकटे मानण्याच्या आपल्या रीतीत सोवळ्या-ओवळ्याचा आणि जातीचा जो विषारी भाग होता तो गेला, बरेच झाले. पण दुसऱ्याच्या तोंडचे आपल्या ताटात येऊ नये, यातला शहाणपणाचा भाग त्याच्याबरोबर फेकून देऊ नये. उपाय सोपा आहे. प्रत्येकाला छोटी वाटी द्यावी आणि मोठ्या वाडग्यातून डावाने वाढावे. मुलांना त्याची गंमतच वाटते.

मोठा वाडगा फ्रीजमध्येच राहू द्यावा. टेबलावर लहान भांडे ठेवावे आणि ते परातीत बर्फ पसरून त्यावर ठेवावे. ते संपले की दुसरे भांडे आणावे. उरलेल्यात नवे ओतू नये. बाहेर दोन तास राहिलेले डिप टाकून द्यावे, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाने. टाकताना जीव तुटतो, हे मला माहीत आहे. ‘अन्न टाकू नये’ यावर आपण वाढलो. त्याला उत्तर एकच, थोडे करावे. कोशिंबीर आपण जेवायला बसताना करतो आणि त्या जेवणातच संपवतो. डिपलाही तोच नियम लावावा.

इतके करूनही कोणाला उलट्या-जुलाब झाले तर घाबरू नये. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाने उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळावी आणि चमचा-चमचा पाजत राहावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. शौचात रक्त, जास्त ताप, सहा-आठ तास लघवी न होणे किंवा गुंगी यांपैकी काही दिसले, किंवा आजारी पडलेले मूल अगदी लहान असले, तर रात्र आहे म्हणून थांबू नये, दवाखाना गाठावा.

पाहुणा आपल्या घरी हात धुऊन बसतो आणि पुढे आलेले विश्वासाने खातो. वाडग्यात काय आहे, ते कधीपासून बाहेर आहे, कोणी मळले, हे तो विचारत नाही. विचारणे त्याला शोभतही नाही. म्हणून ते यजमानाने स्वतःला विचारायचे असते. नातीच्या पुढच्या वाढदिवसाला त्याच मुलांना आम्ही पुन्हा बोलावले. सगळी आली, ती पाच वर्षांची मुलगीसुद्धा. चक्क्याचे डिप होते, बर्फावर. त्या मुलीच्या आजीने वाटी हातात घेतली, वास घेतला आणि विचारले, ‘जिरं भाजलंय ना?’ मी ‘हो’ म्हणालो. मग तिने नातीला वाटी दिली.